कोंबड्यांची गाडी उशिरा का पोहोचते?

आपले पनवेल हे नाक्याचे गाव. पुण्याची वाट इथेच उतरते. गोव्याची वाट पळस्पे फाट्यावरून फुटते. मुंबईकडे जायचे तर कळंबोली ओलांडावी लागते. जिवंत कोंबड्यांच्या गाड्याही याच वाटांनी जातात.

कांद्याची गाडी चार तास उशिरा पोहोचली तर फारसे बिघडत नाही. कोंबडीचे तसे नाही. कोंबडीला घाम येत नाही. उकडू लागले की ती चोच उघडून धापा टाकते. गाडी चालू असली म्हणजे जाळ्यांतून वारा खेळतो. गाडी उभी राहिली की वारा बंद. मग मधल्या जाळ्यांतल्या कोंबड्या गुदमरू लागतात. म्हणून ध्यानात ठेवा, लांबच्या वाटेपेक्षा उभी गाडी वाईट.

आता उशीर कुठे कुठे होतो ते पाहू.

पहिला उशीर शेडवरच होतो. अंधारात कोंबड्या शांत असतात, म्हणून रात्री धरून भरतात. माणसे कमी पडली किंवा वजनावरून वाद झाला, तर उजाडते. मग गाडी ऐन उन्हात आणि गर्दीत सापडते.

दुसरा उशीर कागदांचा. कोंबड्या निरोगी आहेत असा जनावरांच्या डॉक्टरचा दाखला नियमाने लागतो. तो आदल्या दिवशीच घ्यावा. उन्हाळ्यात दर सहा तासांनी पाणी दाखवावे, असेही नियम सांगतो.

तिसरा उशीर रस्त्याचा. कळंबोलीला लोखंड बाजाराचे ट्रक आणि बंदराचे कंटेनर यांची दाटी होते. पावसाळ्यात घाटात दरड येते. जुलै २०२३ मध्ये आडोशी बोगद्याजवळ दरड कोसळून मुंबईकडची वाट अडली होती.

चौथा उशीर रोगाचा. जानेवारी २०२५ मध्ये उरण तालुक्यात चिरनेरला बर्ड फ्लू आढळला. असा रोग आला की भोवतालच्या भागात कोंबड्यांची ने-आण थांबवतात. हा उशीर सर्वांच्या भल्याचा. इथे चोरवाटेने गाडी काढू नये.

आता थोडा हिशेब करू. समजा, गाडीत ४०० कोंबड्या आहेत. उशिरामुळे प्रत्येकीचे वजन ५० ग्रॅम घटले. म्हणजे २० किलो माल गेला, आणि कोंबडी तर एकही मेली नाही! ही तूट कोणाच्या माथी? पुष्कळदा ती ड्रायव्हरच्या मजुरीतून कापतात. मग तो बिचारा घाटात गाडी पळवतो. कोंबड्यांच्या तुटीपायी माणसाचा जीव धोक्यात येतो.

यावर उपाय सोपा आहे. एक चिठ्ठी लिहा. कोंबड्या किती, वजन किती, भरणी केव्हा संपली, गाडी किती वाजता निघाली, हे त्यात मांडा. दोघांनी सह्या करा. पोहोचल्यावर वेळ आणि वजन पुन्हा लिहा. मग उशीर शेडवर झाला की वाटेत, ते चिठ्ठीच सांगेल. तोंडी बोलणे फिरते, लिहिलेले फिरत नाही. तुम्ही अक्षरे शिकलात ती अशाच कामासाठी.

सांगा पाहू :
१. उभ्या गाडीत कोंबड्या का गुदमरतात?
२. कोणता उशीर आपल्या हातचा आहे?
३. रात्री दोन वाजता निघणाऱ्या गाडीची चिठ्ठी लिहून दाखवा.