जलरोधक नकाशा घरी छापताना : वऱ्हाडातून परदेशी गेलेल्या नवागतांसाठी

अमरावती आणि अकोला येथील महाविद्यालयांतून शिकून अमेरिका, कॅनडा किंवा न्यूझीलंड येथे नोकरीसाठी जाणाऱ्या वऱ्हाडी तरुणांना पहिल्याच शरद ऋतूत सहकाऱ्यांकडून जंगलात येण्याचे आमंत्रण मिळते, आणि पुष्कळदा ते हरणाच्या शिकारीच्या सहलीचे असते. वऱ्हाडात याची पूर्वतयारी होण्याचा प्रश्नच नसतो, कारण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने भारतात शिकार बंद झाली आहे, आणि १९७३ साली सुरू झालेल्या व्याघ्र प्रकल्पाच्या पहिल्या नऊ क्षेत्रांपैकी एक असलेल्या मेळघाटात पर्यटक वनविभागाच्या परवानगीने, ठरलेल्या वाटेवरून, वाटाड्यासह फिरतो. वाट स्वतः शोधण्याची जबाबदारी त्याच्यावर कधी आलेलीच नसते. परदेशातील सार्वजनिक वनांत मात्र ती पूर्णपणे चालणाऱ्यावर असते, म्हणून तेथे स्थिरावलेली मराठी कुटुंबे नवागताला तंबू किंवा बूट यांच्याआधी कागदी नकाशाविषयी सांगतात, आणि त्यांच्या सांगण्याचे सार येथे एकत्र केले आहे.

त्याआधी एक कायदेशीर बाब स्पष्ट असावी. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार तात्पुरत्या व्हिसावर राहणाऱ्या परकीय नागरिकाने बंदूक किंवा काडतुसे बाळगणे सर्वसाधारणपणे निषिद्ध असून, वैध शिकार परवाना हा त्यातील मोजक्या अपवादांपैकी एक आहे. सहकाऱ्याची बंदूक क्षणभर हातात धरणे हादेखील गुन्हा ठरू शकतो आणि त्याचा परिणाम व्हिसावर होऊ शकतो. त्यामुळे नवागताने या सहलीत केवळ चालण्यासाठी सामील व्हावे, अंगावर भडक नारिंगी जाकीट घालावे, आणि हातात नकाशा ठेवावा, हे अधिक शहाणपणाचे.

स्थलनिर्देशक नकाशा, म्हणजेच टोपोशीट, हा जमिनीचा चढउतार समोच्च रेषांनी दाखवणारा नकाशा होय. समुद्रसपाटीपासून सारख्या उंचीची ठिकाणे जोडणारी रेषा ती समोच्च रेषा. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशांत या रेषांतील उंचीचे अंतर साधारणतः २० मीटर असते. जुन्या क्रमांकपद्धतीत चिखलदरा ५५ जी/७ या पत्रकावर येते. नवागताने परदेशी नकाशा वाचण्याआधी आपल्या ओळखीच्या भूमीचे असे पत्रक समोर ठेवून डोळा तयार करावा, कारण पूर्णा खोऱ्याच्या सपाटीवर एकमेकींपासून दूर राहणाऱ्या रेषा नरनाळा आणि गाविलगड यांच्या कड्यांजवळ किती दाटतात हे एकदा पाहिले, की अनोळखी डोंगराचा उतार कागदावरच ओळखता येतो. १:५०,००० चे हे नकाशे भारतीय नागरिकांना विभागाच्या संकेतस्थळावरून विनामूल्य घेता येतात.

अमेरिकेत भूगर्भ सर्वेक्षण संस्थेचे १:२४,००० प्रमाणाचे नकाशे सर्वांसाठी खुले असून ते उतरवून छापण्यावर स्वामित्वहक्काचे बंधन नाही. कॅनडाचे १:५०,००० चे राष्ट्रीय नकाशे आणि न्यूझीलंडचे ‘टोपो५०’ हेही विनामूल्य मिळतात. ब्रिटनमध्ये मात्र ऑर्डनन्स सर्व्हेचे १:२५,००० चे नकाशे स्वामित्वहक्काखाली असल्याने तेथे विकत घेतलेली प्रत किंवा संस्थेच्या सदस्यत्वातून मिळणारी छपाईची सोय हाच योग्य मार्ग आहे. ‘कॅलटोपो’सारख्या सेवेत हवा तेवढाच भाग निवडून त्यावर सार्वजनिक व खासगी जमिनीच्या सीमा दाखवता येतात. शिकारीच्या हंगामात हा थर अत्यावश्यक मानावा, कारण कुंपण नसलेली जमीन मोकळीच असते असे नाही.

छपाईतील सर्वाधिक चुका प्रमाणाच्या होतात, कागदाच्या नव्हे. मुद्रणाच्या खिडकीत ‘पानात बसवा’ हा पर्याय निवडलेला राहिला, तर नकाशा काही टक्क्यांनी आक्रसतो, आणि पाच टक्के आक्रसलेल्या नकाशावर पट्टीने मोजलेले पाच किलोमीटर प्रत्यक्षापेक्षा अडीचशे मीटरने कमी भरतात. म्हणून छपाई नेहमी १०० टक्के आकारात करावी, नकाशावर एक किलोमीटरचे चौकटजाळे असावे, आणि छापल्यावर शाळेतल्या पट्टीने एक चौकट मोजावी : १:२४,००० ला तिची बाजू जवळपास ४१.७ मिलिमीटर, १:२५,००० ला ४० आणि १:५०,००० ला २० मिलिमीटर भरली पाहिजे. या चौकटजाळ्याची मोजणी डब्ल्यूजीएस ८४ या आधारप्रणालीवर ठेवावी, कारण मोबाइलमधील जीपीएस तीच वापरते. अमेरिकेतील नेहमीच्या लेटर आकाराच्या कागदावर १:२४,००० प्रमाणात सुमारे साडेचार बाय सहा किलोमीटर प्रदेश मावतो, आणि एका दिवसाच्या चालीला असे दोन किंवा तीन कागद पुरतात.

याहून सूक्ष्म आणि वऱ्हाडातून गेलेल्यांना हमखास चकवणारी गोष्ट म्हणजे दिक्पात, म्हणजे खरी उत्तर दिशा आणि होकायंत्राची सुई दाखवते ती उत्तर यांतील कोन. अमरावती-अकोला परिसरात तो एका अंशाहूनही कमी असल्याने तेथे होकायंत्र वापरणाऱ्याला त्याची दखल घ्यावी लागत नाही, परंतु सिएटलजवळ तो सुमारे १५ अंश पूर्वेकडे, मेन राज्यात सुमारे तितकाच पश्चिमेकडे, तर न्यूझीलंडमध्ये वीस अंशांच्या आसपास पूर्वेकडे असतो. पंधरा अंशांची चूक घेऊन दोन किलोमीटर चालणारा माणूस इच्छित जागेपासून अर्ध्या किलोमीटरहून अधिक दूर पोहोचतो. नकाशावरून खऱ्या उत्तरेच्या संदर्भाने काढलेल्या दिशाकोनातून पूर्व दिक्पात वजा करावा आणि पश्चिम दिक्पात त्यात मिळवावा. हा कोन वर्षागणिक थोडा सरकतो, म्हणून चालू वर्षाचा आकडा शोधून तो छापण्यापूर्वीच नकाशाच्या समासात लिहून टाकावा.

आता कागद. जलरोधक कागद मुख्यतः दोन प्रकारचा असतो : टॅकोमा येथील ‘राइट इन द रेन’सारखा लेप दिलेला लाकडाच्या लगद्याचा, आणि पूर्णतः कृत्रिम, प्लास्टिकच्या तंतूंचा किंवा पापुद्र्याचा. निवड करताना आपला मुद्रक कोणता आहे हे आधी पाहावे. लेझर मुद्रकातील टोनर ही प्लास्टिकयुक्त भुकटी उष्णतेने कागदावर वितळून चिकटते आणि पाण्याने निघत नाही. पण त्याच उष्णतेमुळे पॉलीप्रॉपिलीनचा कागद मुद्रकातच वितळू शकतो, म्हणून पाकिटावर ‘लेझरसाठी’ असे स्पष्ट लिहिले असेल तोच घ्यावा. इंकजेटच्या साध्या शाईचे रंग ओलाव्याने पसरतात. रंगद्रव्याची, म्हणजे पिगमेंटची, शाई अधिक टिकते. लॅमिनेशन स्वस्त असले तरी घडीवर त्याला भेग पडते आणि तेथून पाणी शिरते. ते करायचेच असेल तर कागदाच्या कडेबाहेर निदान पाच मिलिमीटर प्लास्टिक सोडावे. एखाद्याच सहलीसाठी साधा कागद आणि घट्ट बंद होणारी पारदर्शक पिशवी पुरेशी आहे.

मोबाइल असताना हा खटाटोप कशाला, असे नवागताला वाटणे साहजिक आहे. गोठवणाऱ्या थंडीत बॅटरी लवकर उतरते, ओल्या बोटांना आणि हातमोज्यांना पडदा दाद देत नाही, आणि खोल दरीत संपर्क तुटतो. मोबाइल जरूर सोबत असावा, पण त्यातून मिळालेले स्थान कागदावरील चौकटीत शोधण्याचा सराव घराजवळच्या उद्यानात करूनच निघावे. नकाशाची दुसरी प्रत, तिच्यावर ठरवलेली वाट आणि परतण्याची वेळ लिहून, घरी किंवा जवळच्या कुटुंबाकडे ठेवल्याशिवाय कोणीही जंगलात शिरू नये.