लेखी प्रश्न : लोकशाहीतील एक दुर्लक्षित साधन

आपल्या वस्तीत एखादी अडचण उभी राहिली की आपण काय करतो? निवेदन लिहितो, शिष्टमंडळ नेतो, मोर्चा काढतो, साहेबांच्या दालनाबाहेर ताटकळत बसतो. हे सारे मार्ग आवश्यकच आहेत आणि त्यांनी आपल्याला पुष्कळ काही मिळवून दिले आहे. परंतु निवेदनावर पोच मिळते, शिक्का मिळतो; उत्तर मिळेलच अशी खात्री नसते. लोकशाहीत असाही एक कागद आहे की ज्याला मंत्र्याला ठरलेल्या दिवशी लेखी उत्तर द्यावे लागते. तो कागद म्हणजे खासदाराने किंवा आमदाराने सभागृहात विचारलेला लेखी प्रश्न. या साधनाची ओळख आपल्या कार्यकर्त्यांना, विशेषतः शिकणाऱ्या मुलामुलींना व्हावी, या हेतूने हा अभ्यासलेख आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

हा अधिकार आला कसा?

सरकारला प्रश्न विचारण्याचा अधिकार आपल्या देशात एका दिवसात आलेला नाही. १८९२ च्या कायद्याने कायदेमंडळातील सदस्यांना प्रथमच प्रश्न विचारण्याची मुभा मिळाली. पण उत्तर आले की विषय संपला. त्यावर उलट विचारता येत नसे. १९०९ च्या कायद्याने मूळ प्रश्न विचारणाऱ्याला उपप्रश्नाची सवलत मिळाली आणि १९१९ च्या सुधारणांनंतर इतर सदस्यांनाही उपप्रश्न विचारता येऊ लागले. स्वतंत्र भारताच्या संविधानाने या साधनाला खरा पाया दिला. अनुच्छेद ७५ नुसार केंद्रीय मंत्रिमंडळ लोकसभेला सामुदायिकरीत्या जबाबदार आहे, आणि अनुच्छेद १६४ नुसार राज्याचे मंत्रिमंडळ विधानसभेला. जबाबदार असणे म्हणजे विचारले असता जबाब देणे. प्रश्न हा त्या जबाबदारीचा रोजचा व्यवहार आहे.

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर या व्यवहाराच्या दोन्ही बाजूंना बसलेले होते. १९२७ पासून मुंबई विधिमंडळात ते प्रश्न विचारणाऱ्यांच्या बाकावर होते. १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री म्हणून ते उत्तर देणाऱ्यांच्या बाकावर बसले. महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या लेखन व भाषणांच्या दहाव्या खंडात त्या काळातील प्रश्नोत्तरे वाचावयास मिळतात. आपल्या अभ्यासमंडळांनी ती आवर्जून वाचावीत.

ठराव होतो, अंमल होत नाही, हे दुःखही आपल्याला नवे नाही. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा सर्वांना खुल्या कराव्यात हा रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने ४ ऑगस्ट १९२३ रोजी संमत केला. महाडच्या नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. तरीही २० मार्च १९२७ रोजी हजारोंना तळ्यापर्यंत चालत जाऊन ते पाणी प्यावे लागले. कागदावरचा हक्क आणि ओंजळीतले पाणी यांत किती अंतर असते, हे महाडने शिकविले. ते अंतर मोजण्याची एक पट्टी म्हणजे सभागृहातील प्रश्न.

एक प्रश्न किती दूर जाऊ शकतो याचेही उदाहरण आहे. १९५७ साली आयुर्विमा महामंडळाने मुंदडा या उद्योगपतीच्या कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे शेअर्स घेतले. याबाबत लोकसभेत प्रश्न विचारले गेले. उत्तरे समाधानकारक नव्हती, म्हणून फिरोज गांधी यांनी विषय लावून धरला. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश एम. सी. छागला यांचा चौकशी आयोग बसला आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना राजीनामा द्यावा लागला.

तारांकित आणि अतारांकित

प्रश्न मुख्यतः दोन प्रकारचे असतात. तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात व त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाचे उत्तर लेखी असते व ते सभागृहाच्या पटलावर ठेवले जाते. लोकसभेत एका दिवसाच्या यादीत २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न असतात. राज्यसभेत १५ आणि १६०. तासाभरात तारांकितांपैकी मोजकेच प्रश्न पुकारले जातात. म्हणून वृत्तपत्रांचे लक्ष तारांकिताकडे असले, तरी आकडेवारीचा खरा साठा अतारांकित उत्तरांतच असतो.

प्रश्नाची सूचना किमान पंधरा दिवस आधी द्यावी लागते. प्रश्न १५० शब्दांहून मोठा नसावा. त्यात वाद, आरोप किंवा मतप्रदर्शन नसावे आणि न्यायप्रविष्ट बाब नसावी. सूचना पुष्कळ येत असल्यामुळे कोणाचा प्रश्न यादीत लागेल हे सोडतीने ठरते. त्यामुळे एकदा प्रश्न लागला नाही म्हणून निराश होण्याचे कारण नाही.

एका शब्दाचा फरक

आता आम्ही या लेखाच्या मुख्य मुद्द्याकडे येतो. तो असा की, उत्तर प्रश्नाच्या शब्दांना मिळते, मनातल्या हेतूला नाही. उदाहरण आपल्या जिव्हाळ्याचे आहे.

फेब्रुवारी २०२१ मध्ये सामाजिक न्याय व अधिकारिता मंत्रालयाने लोकसभेत माहिती दिली की, ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या पाच वर्षांत गटारे व सेप्टिक टँक साफ करताना ३४० जणांचा मृत्यू झाला. त्याच वर्षी जुलै महिन्यात राज्यसभेत हाताने मैला उचलण्याच्या कामामुळे झालेल्या मृत्यूंबद्दल विचारले गेले. उत्तर आले, असा एकही मृत्यू नोंदविलेला नाही. मंत्रालय तेच, वर्ष तेच. एका उत्तरात ३४०, दुसऱ्यात शून्य!

हे कसे झाले? २०१३ च्या कायद्यात दोन निराळ्या व्याख्या आहेत. अस्वच्छ शौचालय, उघडे गटार, खड्डा यांतील मैला हाताने उचलणारा एका व्याख्येत बसतो. सुरक्षेच्या साधनांशिवाय ड्रेनेजमध्ये किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरविलेला कामगार दुसऱ्या व्याख्येत, म्हणजे ‘धोकादायक सफाई’त बसतो. विचारणाऱ्याने पहिला शब्द वापरला, म्हणून दुसऱ्या व्याख्येतील माणसे उत्तरात आलीच नाहीत. कायद्याच्या भाषेत उत्तर चुकीचे ठरत नाही. पण ज्या घरातला कर्ता पुरुष चेंबरमध्ये गुदमरून गेला, त्या घराला हे शून्य वाचून काय वाटले असेल, याचा विचार वाचकांनीच करावा.

नेमका प्रश्न काय करतो हेही त्याच वर्षी दिसले. डिसेंबर २०२१ मध्ये राज्यसभेत हाताने मैला उचलणाऱ्यांची जातवार माहिती विचारली गेली. सर्वेक्षणात आढळलेल्या ५८,०९८ जणांपैकी ४३,७९७ जणांच्या जातीची माहिती उपलब्ध होती आणि त्यांतील ४२,५९४ अनुसूचित जातींचे होते, असे लेखी उत्तर आले. म्हणजे शंभरात सत्त्याण्णव. हे काम जातीवरून ठरते, असे आपण वर्षानुवर्षे व्यासपीठावरून सांगत आलो. आता तो आकडा सरकारच्याच कागदावर आहे.

प्रश्न कसा लिहावा?

‘गटारात कामगार मरत आहेत आणि सरकार झोपले आहे, हे सरकारला मान्य आहे काय?’ असा प्रश्न सभेत टाळ्या मिळवील, पण सभागृहाच्या नियमांत टिकणार नाही. त्यात आरोप आहे, माहितीची मागणी नाही. आपल्या विधानमंडळाच्या प्रश्नांची एक ठरलेली घडण आहे : ‘हे खरे आहे काय’, ‘असल्यास’, आणि शेवटी ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ ही घडण नीट वापरली तर तीत मोठी ताकद आहे. नमुन्यादाखल आम्ही एक प्रश्न रचून देतो :

(१) राज्यात २०१९ ते २०२३ या पाच वर्षांत गटारे, मॅनहोल व सेप्टिक टँक यांची सफाई करताना किती कामगारांचा मृत्यू झाला, त्याची वर्षनिहाय व जिल्हानिहाय संख्या किती आहे;
(२) त्यांपैकी किती कामगार कंत्राटदारामार्फत कामावर होते;
(३) सर्वोच्च न्यायालयाच्या २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालानुसार ३० लाख रुपयांची भरपाई किती कुटुंबांना मिळाली व किती कुटुंबांना मिळालेली नाही;
(४) २०१३ च्या कायद्याखाली किती गुन्हे दाखल झाले व किती प्रकरणांत शिक्षा झाली;
(५) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

येथे काम कोणते ते स्पष्ट आहे, कालावधी ठरलेला आहे, आणि प्रत्येक कलमाला आकडाच द्यावा लागेल. ‘आवश्यक ती कार्यवाही सुरू आहे’ एवढ्यावर भागणार नाही.

टाळाटाळ ओळखावी

तीन उत्तरे वारंवार येतात. पहिले : ‘माहिती गोळा करण्यात येत आहे.’ लोकसभेत असे उत्तर आश्वासन मानले जाते व ते तीन महिन्यांत पुरे करावयाचे असते. त्यावर लक्ष ठेवणारी आश्वासन समिती १९५३ पासून काम करते. तेव्हा तारीख लिहून ठेवावी व तीन महिन्यांनी पुन्हा विचारावे.

दुसरे : ‘हा विषय राज्यांचा आहे.’ असे उत्तर आले तर तोच कागद घेऊन आमदाराकडे जावे.

तिसरे : ‘अशी माहिती ठेवली जात नाही.’ सप्टेंबर २०२० मध्ये, करोनामुळे प्रश्नोत्तराचा तास रद्द होऊन केवळ लेखी प्रश्न उरले असताना, टाळेबंदीत घरी परतताना किती स्थलांतरित मजूर मरण पावले, असे लोकसभेत विचारले गेले. एक कोटीहून अधिक मजूर आपापल्या राज्यांत परतल्याचे श्रम मंत्रालयाने सांगितले. मृत्यूंची माहिती मात्र ठेवली नसल्याचे उत्तर दिले. पण त्याच अधिवेशनात श्रमिक रेल्वेगाड्यांतील मृत्यूंबद्दल रेल्वे मंत्रालयाला विचारले गेले, तेव्हा ९ सप्टेंबरपर्यंत ९७ हा आकडा मिळाला. रस्त्यावर गेलेल्यांची मोजदाद त्यात नाही. तरीही एका दारात नकार मिळाला म्हणून दुसरे दार ठोठावायचे सोडू नये, हा धडा घेण्यासारखा आहे.

आपण काय करावे?

प्रश्न खासदार-आमदार विचारतात हे खरे, पण त्यांना कच्चा माल कोण देणार? येथे आपल्यासारख्या मंडळांचे काम सुरू होते. वस्तीतील घटनेची तारीख, ठिकाण, कामाचे स्वरूप, कंत्राटदार, गुन्ह्याची नोंद, भरपाईचा अर्ज यांची फाईल ठेवावी. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याखाली आधी कागद मिळवावेत. अधिवेशनाची तारीख जाहीर होताच प्रश्नाचा मसुदा लोकप्रतिनिधीच्या हाती द्यावा; अधिवेशन सुरू झाल्यावर धावपळ करून उपयोग नाही. लोकसभा व राज्यसभेची उत्तरे संकेतस्थळावर सर्वांना वाचावयास मिळतात. आपल्या महाविद्यालयीन मुलांनी महिन्यातून एका रविवारी विहारात बसून ती वाचावीत, मागील उत्तराशी ताडून पाहावीत आणि फरक टिपून ठेवावा.

एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. डिसेंबर २००५ मध्ये प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेतल्यावरून अकरा खासदारांना संसदेतून काढून टाकण्यात आले. प्रश्न ही जनतेची ठेव आहे, विक्रीचा माल नव्हे. म्हणून मसुदा देताना आपलाही हात स्वच्छ असावा आणि आपली माहितीही खरी असावी.

लेखी प्रश्नाने गेलेला माणूस परत येत नाही. त्याने मोर्चाची जागाही घेतली जात नाही. पण सरकारच्या कागदावर जिथे शून्य लिहिले जाते, तिथे माणसांची खरी संख्या लिहावयास भाग पाडणे आपल्या हातात आहे. ज्यांची मोजदाद होत नाही, त्यांना भरपाई मिळत नाही आणि त्यांच्यासाठी कायदाही राबविला जात नाही. तेव्हा पुढच्या अधिवेशनापूर्वी प्रत्येक शाखेने निदान एक प्रश्न तरी तयार करावा, एवढीच आमची समाजबांधवांना नम्र विनंती आहे.