शुक्रवारपर्यंत म्हणजे नेमकं कधी?

नाशिकची द्राक्षं परदेशी पाठवणाऱ्या एका कंपनीत मी पत्रव्यवहार सांभाळते. एका हंगामात आमच्याकडच्या नव्या मुलाने रॉटरडॅमच्या ग्राहकाला मेल केला : 'द कंटेनर विल बी ॲट न्हावा शेवा टिल फ्रायडे.' शुक्रवारपर्यंत कंटेनर बंदरात पोचेल, एवढंच त्याला सांगायचं होतं. ग्राहकाने वाचलं ते वेगळंच : कंटेनर बंदरात आलाय आणि शुक्रवारपर्यंत तिथेच पडून राहणार! नाशवंत माल अडवून का ठेवलाय, म्हणून तो फोनवर चांगलाच तापला.

मुलगा हुशार होता, काळांचे तक्ते तोंडपाठ. घोळ घातला तो 'पर्यंत'ने. 'शुक्रवारपर्यंत थांब' आणि 'शुक्रवारपर्यंत पैसे दे', दोन्हीकडे आपलं एकाच शब्दावर भागतं. इंग्रजीत भागत नाही. त्या वेळेपर्यंत जे चालूच राहतं, त्याला 'टिल' किंवा 'अंटिल'. त्या वेळेच्या आत जे एकदा उरकायचं, त्याला 'बाय'. माल, पैसे, अर्ज, अहवाल यांच्या मुदतीला 'बाय'च लावा. पैशाचा मामला असेल तर सरळ 'ऑन ऑर बिफोर 31 मार्च' लिहा. जड वाटतं खरं, पण त्याचा दुसरा अर्थ निघत नाही.

'पासून'चंही तसंच. 'सोमवारपासून' म्हणजे 'सिन्स मंडे', पण 'तीन दिवसांपासून' म्हणजे 'फॉर थ्री डेज'. शिवाय क्रियापदही बदलतं : 'आय ॲम वेटिंग' नव्हे, 'आय हॅव बीन वेटिंग'.

सगळ्यात जपावं ते 'डाउट'ला. 'सर, डाउट आहे' म्हणतच आपण शिकलो, आणि भारतात ते सगळ्यांना कळतं. इथे मी कुणाला टोकत नाही. बाहेरच्या माणसाला मात्र 'आय हॅव अ डाउट अबाउट युवर इनव्हॉइस' वाचून वाटू शकतं, की आपल्या बिलावर याचा विश्वास नाही. तिथे 'क्वेश्चन' लिहा.

राज्यात 2000 सालापासून पहिलीलाच इंग्रजी सुरू होतं, पण शब्दार्थ पाठ करायची रीत बहुतेक जुनीच : एक मराठी शब्द, समोर एक इंग्रजी. तुमच्या वहीत शब्दासमोर शब्द लिहू नका, छोटी वाक्यं लिहा. 'सांगणे'समोर 'टेल हिम', 'म्हणणे'समोर 'से टू हिम'. आठवडाभर ती मोठ्याने वाचलीत, तर 'ही सेड मी' लिहिताना हात आपोआप अडेल.