ओव्हरक्लॉकिंग आणि अकोल्याचा मे महिना

"माझा पीसी ४.४ गिगाहर्ट्झवर पळतो" असं छाती फुगवून सांगणारा एक तरी जण प्रत्येक होस्टेलमध्ये असतो. मागच्या वर्षी आमच्या अमरावतीच्या होस्टेलमध्ये तो मी होतो. (मी कॉन्व्हेंटचा, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर सांभाळून घ्या.)

आधी थोडं बेसिक. प्रोसेसरचा वेग म्हणजे बेस क्लॉक गुणिले मल्टिप्लायर. माझा सेकंडहँड इंटेल आय-५ २५००के हे २०११ सालचं मॉडेल. टर्बो बाजूला ठेवला तर १०० मेगाहर्ट्झ गुणिले ३३, म्हणजे ३.३ गिगाहर्ट्झ. नावातला 'के' सांगतो की मल्टिप्लायरला कुलूप नाही. बायोसमध्ये जाऊन ३३ चे ४४ केले, झालं ओव्हरक्लॉकिंग! १९९८ च्या सेलेरॉन ३००ए ला कुलूप होतं, तर लोकांनी बस ६६ ची १०० केली आणि ३०० मेगाहर्ट्झची चिप ४५० वर चालवली.

आता यात बिघडतं काय? ३.३ गिगाहर्ट्झला एका टिकसाठी ३०३ पिकोसेकंद मिळतात, ४.४ ला फक्त २२७. तेवढ्यात सिग्नलने एका फ्लिप-फ्लॉपपासून गेट्समधून पुढच्या फ्लिप-फ्लॉपपर्यंत पोचायचं असतं. मूर्तिजापूरच्या स्टँडवर कंडक्टरने घाईत डबल बेल दिली आणि एक पॅसेंजर खालीच राहिला, असं समजा. गाडी थांबत नाही, ती अकोल्याला पोचते. एक माणूस कमी आहे हे कोणालाच कळत नाही.

पॅसेंजरने पटकन चढावं म्हणून आपण व्होल्टेज वाढवतो, कारण त्याने ट्रान्झिस्टर लवकर स्विच होतात. पण उष्णता वाढते फ्रीक्वेन्सीच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. मी १.२० चे १.३२ व्होल्ट केले होते. वेग ३३ टक्के वाढला, उष्णता मात्र १.३३ गुणिले १.२१, म्हणजे ६१ टक्के! ९५ वॅटचे साधारण १५३ वॅट. आणि चिप तापली की गेट्स पुन्हा स्लो होतात, म्हणजे एका हाताने दिलेलं दुसऱ्या हाताने काढून घेतलं.

तरी डिसेंबरमध्ये अमरावतीला सगळं मस्त चाललं. मी दहा मिनिटं टेस्ट केली आणि 'स्टेबल' म्हणून जाहीर करून टाकलं. मे मध्ये पीसी घरी अकोल्याला आणला. आजीने कॅबिनेटला हात लावला आणि म्हणाली, "बाप्पा, याच्यावर तं पोयी शेकता येते!" मी हसलो. हसायला नको होतं.

मिनी प्रोजेक्टचा सिम्युलेशन प्रोग्राम माझ्या पीसीवर चालत होता. तोच कोड, तोच इनपुट, पण दोन वेळा चालवला तर उत्तरं वेगळी. पीसी हँग नाही, ब्लू स्क्रीन नाही. मी प्रोजेक्ट पार्टनरला फोन करून झापलं, "तुझ्या कोडमध्येच गडबड आहे." ती बिचारी तीन दिवस एकेक ओळ तपासत बसली. शेवटी तिने कॉलेजच्या लॅबमध्ये प्रोग्राम दहा वेळा चालवला, दहाही वेळा एकच उत्तर. मग मला विचारलं, "अरे, तुझ्या पीसीचं काय?"

तेव्हा मी गणित मांडलं. चिपचं तापमान म्हणजे खोलीचं तापमान अधिक वॅट गुणिले थर्मल रेझिस्टन्स. माझ्या हीटसिंकचं ०.३५ धरा. १५३ वॅटला ५४ अंशांची भर. खोली २० अंशांवर असेल तर चिप ७४ वर, खोली ४० वर गेली तर ९४ वर. आमच्याकडे दुपारी लाइट गेली की डेझर्ट कूलर बंद पडतो, पीसी मात्र इन्व्हर्टरवर चालूच. चुकीची उत्तरं नेमकी त्याच वेळची होती.

कंपनी चिपमध्ये थोडी शिल्लक ठेवते. कारण कुठली चिप कमअस्सल निघेल, कुठल्या फॅनमध्ये धूळ बसेल, ते तिला माहीत नसतं. ओव्हरक्लॉकिंग म्हणजे ही शिल्लक खर्च करणं. मी ती डिसेंबरातच उडवली, आणि ती ठेवलेली होती अकोल्याच्या मे साठी.

मग मल्टिप्लायर ४० वर आणला, व्होल्टेज कमी केलं आणि भर दुपारी कूलर बंद ठेवून तीन तास प्राइम९५ लावलं. मर्सेन प्राइम शोधणाऱ्यांचा हा प्रोग्राम. त्याची टॉर्चर टेस्ट मोठमोठे गुणाकार करून उत्तर आधीच माहीत असलेल्या उत्तराशी ताडून बघते, जुळलं नाही की एरर देते. म्हणून नुसता गेम खेळून बघण्यापेक्षा ही बरी. रॅमसाठी रात्रभर मेमटेस्ट८६ वेगळं. दोन्ही पास झाले तरी चूक होणारच नाही असं नाही, फक्त तेवढ्या वेळात सापडली नाही एवढंच.

पार्टनरला सॉरी म्हणालो. ती दोन दिवस बोलली नाही, ते बरोबरच होतं. प्रोजेक्टचे फायनल रीडिंग्ज मी ३३ वरच घेतले. रात्री दहाला लावलेला प्रोग्राम पहाटे चारऐवजी सहाला संपला. दोन्ही वेळेला मी झोपलेलोच असतो.