सरासरीआड दडलेले मूल
(एडीएचडीवरील मनोसामाजिक उपचार आणि एकत्रित संशोधन)

प्रत्येक शाळेत असा एखादा विद्यार्थी असतो, की ज्याचे नाव गुरुजींच्या तोंडी दिवसातून वीस वेळा तरी येते. तो जागेवर स्थिर बसत नाही, प्रश्न पुरा होण्यापूर्वीच उत्तर देतो, आज वही विसरतो तर उद्या दप्तर. गाव त्याला व्रात्य म्हणते, घरी त्याला मार बसतो आणि शाळेत शिक्षा होते. परंतु अशा काही मुलांच्या बाबतीत हा हट्ट नसतो आणि संस्कारांचा अभावही नसतो. लक्ष एकाग्र करण्याची व मनातील ऊर्मी आवरण्याची त्यांची शक्ती वयाच्या मानाने उणी असते. वैद्यकशास्त्रात या अवस्थेस अवधानन्यूनता व अतिचंचलता विकार, अर्थात एडीएचडी, असे म्हणतात.

या विकारावर औषधे आहेत, तसेच मनोसामाजिक उपचारही आहेत. दुसऱ्या प्रकारात मुलाइतकेच, किंबहुना अधिक, पालकांना व शिक्षकांना शिकविले जाते. सूचना थोडक्यात व एका वेळी एकच द्यावी, दिनक्रम ठरलेला असावा, चांगल्या वागणुकीची दखल तत्काळ घ्यावी, ही त्याची मुख्य सूत्रे होत. आता प्रश्न असा, की हे उपचार कोणत्या मुलाला कितपत लागू पडतात?

सरासरीची मर्यादा

एखाद्या तालुक्यात सरासरीइतका पाऊस झाला, तरी त्यातील एका गावाची विहीर कोरडी राहू शकते. संशोधनाच्या सरासरीचेही तसेच आहे. अमेरिका व कॅनडा येथील सहा केंद्रांत ५७९ मुलांवर १४ महिने उपचार करून एक मोठा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष १९९९ साली प्रसिद्ध झाले. एडीएचडीच्या मुख्य लक्षणांवर केवळ वर्तनोपचारापेक्षा काळजीपूर्वक दिलेले औषध सरासरीने अधिक गुणकारी ठरले. तथापि मुलांचे गट पाडून पुन्हा पाहता असे दिसले, की ज्यांना एडीएचडीच्या जोडीला चिंतेचाही त्रास होता, त्या मुलांना वर्तनोपचाराचा चांगला उपयोग झाला होता. सरासरीच्या एका आकड्यात ही गोष्ट झाकली गेली होती.

मात्र गट पाडू लागले, की प्रत्येक गटातील मुलांची संख्या घटते. पन्नास-शंभर मुलांच्या अभ्यासात एकाच पालकाच्या घरातील मुले निवडली, तर हाती दहा-बारा नोंदी उरतात. तेवढ्यावरून ठाम अनुमान काढणे धोक्याचे ठरते.

थेंबे थेंबे तळे

यावर उपाय म्हणजे निरनिराळ्या अभ्यासांतील माहिती एकत्र आणणे. पूर्वी अशा संकलनात प्रत्येक अभ्यासाची केवळ सरासरी घेतली जाई. नव्या पद्धतीत मूळ संशोधकांकडून प्रत्येक मुलाची स्वतंत्र नोंद, नाव-गाव वगळून, मागविली जाते. एकाने लक्षणे एका प्रश्नावलीने मोजलेली असतात, तर दुसऱ्याने दुसऱ्या. ही मापे एका पट्टीवर आणावी लागतात, आणि मगच साऱ्या नोंदींचे एकत्रित गणित मांडता येते.

नेदरलँड्समधील अ‍ॅनाबेथ ग्रोनमन, बार्बरा व्हान डेन होफडाकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक देशांतील संशोधकांच्या साहाय्याने हे काम केले. त्यांनी २१ अभ्यासांतील २,२३३ मुलांच्या नोंदी एकत्र केल्या आणि २०२२ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. वर्तनोपचाराने एडीएचडीची लक्षणे, उद्धटपणा आणि दैनंदिन जीवनातील अडचणी अल्प ते मध्यम प्रमाणात कमी झाल्या.

परंतु या कामाचे खरे मोल पुढील निष्कर्षात आहे. ज्या मुलांचे वर्तन मुळातच गंभीर स्वरूपाचे बिघडलेले होते, ज्यांची लक्षणे तीव्र होती किंवा ज्यांच्या घरी एकच पालक होता, त्यांच्या काही तक्रारी उपचाराविना वाढत गेल्या. उपचार मिळालेल्या अशाच मुलांत ही वाढ दिसली नाही. बांध घातला म्हणून शेतातील माती वाढत नाही, पण ती वाहून जाण्याचे थांबते. या मुलांच्या बाबतीत उपचाराने असेच राखणदाराचे काम केले. ज्या मुलाविषयी 'याच्यावर मेहनत घेऊन काय उपयोग?' असे आपण म्हणतो, त्यालाच उपचाराविना ठेवल्याने अधिक हानी पोहोचते, असा याचा अर्थ होय.

येथे एक सावधगिरीची सूचना आवश्यक आहे. यांतील बहुतेक मोजमाप उपचारात सहभागी झालेल्या पालकांच्या सांगण्यावरून झाले. त्रयस्थ निरीक्षकांच्या नोंदी फार थोड्या आणि प्रामुख्याने शाळापूर्व वयातील मुलांच्याच होत्या. म्हणून हे निष्कर्ष अंतिम न मानता दिशादर्शक मानावेत.

पालकांना काय शिकवावे?

पालक-प्रशिक्षणातील कोणता भाग उपयोगी पडतो, याचाही शोध त्याच देशातील संशोधकांनी अनेक अभ्यास एकत्र करून घेतला. गोंधळ होण्यापूर्वीच परिस्थितीची आखणी करण्यावर जेथे अधिक भर होता, तेथे पालकांचा आत्मविश्वास अधिक वाढलेला दिसला. चांगल्या वर्तनाला प्रोत्साहन देण्यावर जेथे अधिक भर होता, तेथे पालकांचे रागावणे व कठोर वागणे अधिक कमी झाले. विकाराची नुसती माहिती देण्यात अधिक वेळ खर्चून मात्र असा लाभ दिसला नाही.

आपले कर्तव्य

शिक्षकांनी अशा मुलास पुढच्या बाकावर, खिडकी-दारापासून दूर बसवावे. मोठ्या कामाचे लहान तुकडे पाडावेत व प्रत्येक तुकडा पुरा होताच शाबासकी द्यावी. तथापि एडीएचडीचे निदान शिक्षकांनी वा शेजाऱ्यांनी करू नये, ते तज्ज्ञांचे काम आहे. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते आणि तपासावयाच्या विकारांत एडीएचडीचा समावेश आहे. शाळेत तपासणी पथक आले असता शंका असलेल्या मुलाची नोंद शिक्षकांनी आवर्जून करून द्यावी.

कोणा दूरच्या आईबापांनी आपल्या मुलाची हकीकत संशोधकांच्या हाती सोपविली, म्हणून इतर मुलांना कोणता उपचार मानवेल याचा अंदाज आज बांधता येऊ लागला आहे. विधवा मातेच्या घरातील, सतत शिक्षा भोगणारा मुलगा आपल्या वर्गात असेल, तर त्याच्याकडे सर्वांत आधी लक्ष द्यावे, एवढा बोध या अभ्यासातून आपण निश्चित घ्यावा.