क्वामे एन्क्रुमा : घानाचे पहिले अध्यक्ष

गोल्ड कोस्ट या ब्रिटिश वसाहतीत १९५१ साली सार्वत्रिक निवडणूक झाली, तेव्हा क्वामे एन्क्रुमा तुरुंगात होते. त्यांच्या कन्व्हेन्शन पीपल्स पार्टीने ती जिंकली आणि गव्हर्नरला त्यांची सुटका करून त्यांच्याच हाती कारभाराची सूत्रे द्यावी लागली. ६ मार्च १९५७ रोजी वसाहत स्वतंत्र होऊन तिला घाना हे नाव मिळाले. १ जुलै १९६० रोजी देश प्रजासत्ताक झाला व एन्क्रुमा त्याचे पहिले अध्यक्ष झाले.

नव्या राष्ट्राचे मुख्य उत्पन्न कोकोचे होते. सरकारी मंडळ शेतकऱ्यांकडून ठराविक भावाने कोको घेई. जागतिक बाजारभाव व हा भाव यांतील फरक सरकारच्या हाती राही. शाळा, रस्ते, टेमा येथील बंदर या कामांना पैसा हवा होता. व्होल्टा नदीवरील अकोसोंबो धरण ही या स्वप्नाची परिसीमा होय. त्यासाठी सुमारे ८०,००० लोकांना गावे सोडावी लागली. तेथील वीज मुख्यतः अमेरिकी मालकीच्या ॲल्युमिनियम कारखान्यास गेली. आणि घानात बॉक्साइट असूनही तो कारखाना कच्चा माल बाहेरून आणी.

विरोधाचे मूळही कोकोतच होते. १९५४ साली सरकारने भाव गोठविला, तेव्हा अशांती प्रदेशातील शेतकरी संतापले आणि संघराज्याची मागणी करणारी चळवळ उभी राहिली. एन्क्रुमांना तीत राष्ट्र फुटण्याचा धोका दिसला. ही भीती सर्वस्वी निराधार नव्हती. परंतु तिच्यावर त्यांनी योजलेला उपाय घातक ठरला. १९५८ च्या प्रतिबंधक स्थानबद्धता कायद्याने कोणासही चौकशीविना पाच वर्षांपर्यंत डांबून ठेवता येऊ लागले. ज्या संघटनेने १९४७ साली एन्क्रुमांना परदेशातून बोलावून घेतले, तिचे पुढारी जे. बी. डान्क्वा यांचा १९६५ मध्ये स्थानबद्धतेतच अंत झाला. १९६३ च्या अखेरीस, राजद्रोहाच्या खटल्यातील आरोपी निर्दोष सुटल्यावर, सरन्यायाधीशांना पदच्युत करण्यात आले. १९६४ मध्ये घाना एकपक्षीय राज्य बनले.

अशा रीतीने सत्ताबदलाचे सनदशीर मार्ग बंद झाले. त्यातच कोकोचे भाव कोसळले, गंगाजळी आटली आणि बाजारात नित्याच्या वस्तूंची टंचाई झाली. २४ फेब्रुवारी १९६६ रोजी, एन्क्रुमा हानोईच्या वाटेवर असताना, सैन्याने सत्ता घेतली. त्यांनी गिनीत आश्रय घेतला. १९७२ मध्ये बुखारेस्ट येथे त्यांचे निधन झाले.

अक्रामध्ये त्या दिवशी लोकांनी आनंद व्यक्त केला. तथापि एकदा बराकीबाहेर पडलेले सैन्य १९७२, १९७९ व १९८१ साली पुन्हा सत्तेवर आले. अकोसोंबोची वीज एन्क्रुमांच्या दूरदृष्टीची साक्ष देते. ही बंडांची मालिका त्यांच्या चुकीची. त्यांचे मूल्यमापन करताना दोहोंपैकी एकीकडे डोळेझाक करून चालत नाही.