नकाशा घरूनच सोबत घ्यावा

चिंचवड येथे पवनाकाठी श्रीमोरया गोसावींच्या समाधीचे दर्शन घेऊन देहू, आळंदी व पुढे चाकणमार्गे श्रीक्षेत्र भीमाशंकर अशी यात्रा अनेक भाविक करतात. पूर्वी ही यात्रा वाट विचारीत होत असे. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला, पुढे औद्योगिक वसाहती वाढल्या आणि चाकणपर्यंत कारखान्यांची रांग लागली. आता या पट्ट्यात रस्त्यात भेटणारा माणूस पुष्कळदा कामासाठी दुरून आलेला असतो. त्यास कंपनीचे फाटक ठाऊक असते, देवळाची वाट ठाऊक असतेच असे नाही. त्यामुळे यात्रेकरू मोबाईलवरील नकाशावर विसंबतात आणि डोंगरात किंवा गर्दीत, जेथे त्याची खरी गरज, तेथेच तो कोरा पडतो.

याचे कारण समजून घेतल्यास उपाय सोपा आहे. आपण कोठे आहोत हे मोबाईलला जीपीएसच्या उपग्रहांकडून कळते. हे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. त्यांपैकी किमान चारांचे संकेत मिळाले की मोबाईल आपले स्थान काढतो. यास इंटरनेट लागत नाही, सिमकार्डही लागत नाही. इंटरनेट लागते ते नकाशाचे चित्र आणण्यासाठी. रेंज गेली की निळा ठिपका राहतो, पण त्याखालचे रस्ते दिसेनासे होतात. नकाशा आधीच मोबाईलमध्ये उतरवून घेतला असेल तर ही अडचण येत नाही.

गूगल मॅप्समध्ये उजव्या कोपऱ्यातील आपल्या नावाच्या किंवा छायाचित्राच्या वर्तुळावर बोट ठेवल्यास ऑफलाइन नकाशांचा पर्याय मिळतो. तेथे नवा नकाशा निवडताच एक चौकट दिसते. ती बोटांनी लहानमोठी करून पिंपरी-चिंचवडपासून भीमाशंकरपर्यंतचा सर्व प्रदेश तीत घ्यावा. किती जागा लागेल हे तेथेच लिहिलेले असते. हे काम घरच्या किंवा मुक्कामाच्या वाय-फायवर करावे. उतरवलेल्या नकाशाची मुदत संपते, म्हणून गतवर्षीच्या नकाशावर न राहता निघण्यापूर्वी तो अद्ययावत करावा. नंतर मोबाईल डेटा व वाय-फाय बंद करून भीमाशंकरचा मार्ग मागून पाहावा. ही परीक्षा घरी न घेणारे पुष्कळ, आणि घाटात पस्तावणारेही तेच.

गूगलचा उतरवलेला नकाशा वाहनाचा मार्ग दाखवतो, पायी जाण्याचा दाखवत नाही. पायी वारी करणाऱ्यांना ऑरगॅनिक मॅप्स हे विनामूल्य ॲप अधिक सोयीचे आहे. २००४ साली इंग्लंडमध्ये सुरू झालेल्या व जगभरच्या स्वयंसेवकांनी भरलेल्या ओपनस्ट्रीटमॅप या नकाशावर ते चालते. त्यात महाराष्ट्राचा नकाशा उतरवून घेतल्यावर पायवाटाही रेंजविना शोधता येतात.

भीमाशंकरच्या वाटेवर विशेष सावधगिरी हवी. राजगुरुनगरहून एक रस्ता मंचर, घोडेगाव, डिंभे असा जातो, दुसरा वाडा, तळेघर असा. वाड्याच्या बाजूने भोरगिरीलाही रस्ता आहे आणि नकाशात भोरगिरी देवळाच्या अगदी जवळ दिसते. परंतु तेथून पुढे भीमाशंकरपर्यंत अभयारण्यातील पायवाट आहे, गाडी जात नाही. कर्जत तालुक्यातील खांडसचेही तसेच. तेथून शिडी घाटाने किंवा गणेश घाटाने चढून यावे लागते. लहान मुले व वृद्ध मंडळी गाडीत असताना अंधार पडल्यावर हे लक्षात येणे फार त्रासाचे होते. यासाठी केवळ अंतर न पाहता मार्गावरील गावांची नावे वाचावीत, आणि ती कागदावरही लिहून घ्यावीत. दाट झाडीत ठिपका जागचा हलला नाही तर मोकळ्या आकाशाखाली काही मिनिटे थांबावे.

आळंदीस कार्तिकी एकादशीला अडचण निराळी असते. मोबाईलचे मनोरे असूनही एकाच वेळी असंख्य लोक फोन लावू लागल्याने कोणाचाच धड लागत नाही. गाडी जेथे उभी केली ती जागा उतरताक्षणी नकाशात खूण करून ठेवावी. ऑरगॅनिक मॅप्समध्ये अशी खूण मोबाईलमध्येच राहते. तथापि घरातील आजी-आजोबांच्या खिशात गाडीचा क्रमांक, भेटण्याचे ठिकाण व एक फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी द्यावीच. चुकामूक होते तेव्हा मोबाईल बहुधा दुसऱ्याच्या पिशवीत असतो.

उतरवलेल्या नकाशास चाकणची वाहतूक कोंडी कळत नाही. पालखीच्या दिवसांत पोलिसांनी बंद केलेले वा वळवलेले रस्ते, तसेच एखाद्या देवस्थानातील कामांमुळे बदललेली दर्शनाची व्यवस्था हेही तो सांगत नाही. त्याची चौकशी निघण्यापूर्वी करावी, आणि वाटेत पोलीस एक सांगत असतील व नकाशा दुसरे, तर पोलिसांचे ऐकावे.

नकाशा सतत चालू ठेवल्यास बॅटरी लवकर उतरते, म्हणून पॉवर बँक जवळ असू द्यावी. संकटसमयी आपल्या कंपनीची रेंज नसली तरी ११२ हा क्रमांक लावून पाहावा. परिसरात दुसऱ्या कंपनीची रेंज असल्यास तो तीवरून लागू शकतो. बोलताना नकाशातील जवळच्या गावाचे नाव सांगावे.